आप्पांना वाळीत टाकलेलं नाही, ताई

पत्र थोडक्यात: अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून एका सुनेनं लिहिलं आहे. सासऱ्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात. वय सत्तरीच्या घरात, शुगर जुनी. शेतातून येताना मोटारसायकलवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, धुळ्याच्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन होऊन प्लेट बसवली. काही दिवसांनी टाक्यांतून पू यायला लागला. कल्चरच्या, म्हणजे पुवातला जंतू वाढवून तपासण्याच्या, रिपोर्टात क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला आणि बहुतेक औषधांपुढे ‘आर’ लिहून आलं. आप्पांना जनरल वॉर्डातून वेगळ्या खोलीत हलवलं, दारावर पाटी लागली, भेटायला एका वेळी एकच माणूस. तेव्हापासून नातेवाईक म्हणतात, म्हाताऱ्याला वाळीत टाकलं, आणि बोल लागतो सुनेला, कारण दारात तीच असते. ती दिवसभर हातमोजे घालून बसते. एक दिवसाआड घरी जाते, पण दोन वर्षांच्या मुलाला भीतीनं जवळ घेत नाही. जनरल वॉर्डात एका डॉक्टरांनी शेजारच्या पेशंटचं ड्रेसिंग करून तसंच आप्पांच्या पट्टीला हात घातला, हे तिनं पाहिलं होतं. बोलायची हिंमत झाली नाही. तिला विचारायचं आहे: चूक कुणाची? नातेवाइकांना कसं आवरू? आणि श्रावणात घरी कानबाई, म्हणजे खानदेशातला देवीचा उत्सव आहे, सगळी भाऊबंदकी जमेल, तेव्हा आप्पांना घरी आणायचं की नाही?

ताई,

आधी पोराला उचलून घ्या, बाकीचं नंतर वाचा.

घरी पोचलात की चपला दाराशी, हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे, दवाखान्यातले कपडे बदलायचे, आणि पोर कडेवर. एवढं पुरे. क्लेब्सिएला हा वाऱ्यावर उडत येणारा जंतू नाही. तो बहुतेक वेळा हातांवरून, वस्तूंवरून इकडून तिकडे जातो. कित्येक धडधाकट माणसांच्या आतड्यात तो पडून असतो आणि काही करत नाही. आप्पांचं वेगळं आहे. वय, शुगर, उघडी जखम, हाडाला बसवलेलं लोखंड, एवढं सगळं एकाच अंगावर आल्यावर त्याला पाय रोवायला जागा मिळाली. तुमच्या निरोगी मुलाला आईच्या कुशीत येऊन त्याची बाधा होण्याची शक्यता फार थोडी. फक्त त्याला दवाखान्यात नेऊ नका, आजोबांनी कितीही आठवण काढली तरी. घरात कुणाचं डायलिसिस किंवा कॅन्सरची औषधं चालू असतील तर तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला.

कपड्यांना नेहमीची साबण पावडर चालते, ते पूर्ण सुकले पाहिजेत एवढंच. पू किंवा रक्त लागलेला कपडा वेगळा धुवा. डबा आणि ताट-वाटी रोजच्यासारखी घासा. तुमचा मोबाइल मात्र रोज पुसा. दिवसभर तो आप्पांच्या खोलीत तुमच्या हातात असतो आणि घरी आल्यावर पहिला पोराच्या हातात जातो.

आता ‘आर’चं. आर म्हणजे त्या औषधाला हा जंतू दाद देत नाही. ही अक्षरं वाचून घरच्यांची बोबडी वळते, आणि लगेच पुढचा समज होतो की हा कशानंच मरत नाही. तसं नाही. औषधांना न जुमानणारा हा जंतू साध्या साबणानं हातावरून निघून जातो आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरनं मरतोसुद्धा. औषधाचा उपाय आणि साबणाचा उपाय या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आप्पांच्या जखमेत काय करायचं ते डॉक्टर पाहतील, पण तुमच्या हातावर तो एक मिनिटही टिकू नये हे तुमच्या हातात आहे.

म्हणून त्या हातमोज्यांबद्दल बोलू. तुम्ही लिहिता की सकाळी घातलेले मोजे संध्याकाळी काढते. म्हणजे त्याच मोज्यांनी आप्पांचं अंथरूण नीट केलं, त्यांनीच दाराची कडी उघडली, डब्याचं झाकण काढलं, फोन उचलला. आपल्या कातडीला घाण लागत नाही म्हणून आपल्याला स्वच्छ वाटतं, पण तो हात जिथे जिथे गेला तिथे जंतू पोचला. मोजे हे एका कामापुरते. बेडपॅन दिलं, पुवाचा कपडा उचलला, मोजे काढले, त्या खोलीतल्या लाल पिशवीत टाकले, आणि तरीही हात धुतले. मोज्याला न दिसणारी भोकं असतात, आणि काढताना बोटं बरबटतात ती वेगळीच. दारावरच्या पाटीवर गाऊन-मोजे लिहिलं असेल तर सिस्टर सांगतील तसे घाला, पण ते घालून खोलीबाहेर पाऊल टाकू नका. कँटीनमध्ये तर मुळीच नको.

हात धुणं म्हणजे बोटं नळाखाली धरणं नव्हे. साबण असेल तर सगळं मिळून चाळीस ते साठ सेकंद. तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं. सॅनिटायझर असेल तर वीस ते तीस सेकंद, आणि हात कोरडे होईपर्यंत चोळायचा, फुंकर मारून किंवा पदराला पुसून नाही. ओल्या हातावर सॅनिटायझर घेतलं तर ते पातळ होतं. हाताला काही चिकटलेलं दिसत असेल किंवा पेशंटला जुलाब होत असतील, तर सॅनिटायझरवर भागवू नका. जुलाबाच्या काही जंतूंवर ते चालतच नाही, तिथे साबण-पाणीच लागतं. हे कधी करायचं? खोलीत शिरताना, आप्पांना जेवू घालण्याआधी, शी-शूचं केल्यावर, खोलीतून निघताना. अंगठ्या घरी काढून ठेवा. बांगड्या काढायला कुणी सांगत नाही, पण मनगटाच्या वर सरकवून खालचा भाग धुवा. वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर माझी नजर आजही बायकांच्या चेहऱ्याआधी बांगड्यांखालच्या त्या पट्ट्यावर जाते.

वाळीत टाकण्याच्या आरोपाचं काय? मला वाटतं, नातेवाइकांना राग पाटीचा आलेला नाही, पाटी कशासाठी ते कुणी समजावून न सांगितल्याचा आला आहे. जनरल वॉर्डात आप्पांच्या शेजारी कुणाचं पोट उघडलेलं असतं, कुणाला लघवीची नळी असते. आप्पांकडून निघालेला हात त्यांच्याकडे गेला तर त्यांचंही आप्पांसारखंच होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दवाखान्यात दाखल झालेल्या शंभरातल्या सुमारे 15 जणांना तिथे असताना एखादा तरी जंतुसंसर्ग होतो. श्रीमंत देशांत हाच आकडा 7 च्या आसपास आहे. म्हणजे तिकडेही होतो, आणि इकडे दुपटीनं. वेगळी खोली हा त्यावरचा एक उपाय आहे. आप्पांना शिक्षा म्हणून ती दिलेली नाही.

पण नातेवाइकांच्या बोलण्यात एक खरी गोष्टही दडली आहे, ती झटकून टाकू नका. वेगळ्या खोलीतल्या पेशंटकडे डॉक्टर-सिस्टरांच्या फेऱ्या कमी होतात, असं ठिकठिकाणी आढळलं आहे. प्रत्येक वेळी गाऊन चढवायचा कंटाळा, दुसरं काय. पेशंट दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतो, जेवत नाही, खचतो. म्हणून तुमचं तिथे असणं फार मोलाचं आहे. आप्पांचा हात हातात घ्या, डोक्याला तेल लावा, दाढी करायला न्हावी येऊ शकतो का ते सिस्टरांना विचारा. शिवू नका असं कुणीही सांगितलेलं नाही. शिवण्याआधी आणि नंतर हात धुवा, एवढंच सांगितलं आहे.

आता त्या डॉक्टरांची गोष्ट. तुम्ही गप्प राहिलात याचा तुम्हाला सल आहे. गावाकडच्या बाईनं सर्जनला ‘हात धुतले का’ म्हणून विचारायचं, हे आपल्याकडे उद्धटपणाचं वाटतं. पण डॉक्टरांना हात धुवायला सांगण्याची अडचण फार जुनी आहे, आणि तुमच्यापेक्षा मोठ्या माणसांना ती आली आहे. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या एका प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं पाहिलं की, शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतज्वरानं जास्त बायका मरतात. त्यानं सगळ्यांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरामागे 18 च्या आसपास असलेले मृत्यू काही महिन्यांत 2 च्या आसपास आले. तरी त्याचे व्यवसायबंधू त्याच्यावर चिडले, कारण त्याच्या म्हणण्याचा अर्थ असा होत होता की आमच्याच हातांनी बायका मेल्या. तो 1865 मध्ये वेड्यांच्या इस्पितळात वारला. तेव्हा तुमची जीभ अडखळली यात नवल नाही.

तरी बोलायला हवं, आणि भांडण न होता बोलता येतं. सॅनिटायझरची बाटली आप्पांच्या पायथ्याशी, डॉक्टर उभे राहतात तिथे ठेवा. ते आत आले की म्हणा, “सर, सॅनिटायझर इथे ठेवलंय. आप्पांच्या जखमेची आम्हाला फार काळजी वाटते, म्हणून सगळ्यांनाच सांगतो.” ‘सगळ्यांनाच’ हा शब्द गाळू नका, त्यानं कुणा एकाला टोचत नाही. चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावलाच तर सिस्टर इनचार्जना भेटा. बऱ्याच मोठ्या दवाखान्यांत संसर्ग नियंत्रणासाठी एक सिस्टर नेमलेली असते, तिची चौकशी करा. हे सगळं ऐकून घेणं हेच तिचं काम असतं.

चूक कुणाची, याचं उत्तर मी पत्रावरून देणार नाही, आणि ठामपणे देणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका. तुम्ही पाहिलेला न धुतलेला हात कारण असू शकतो. आप्पांच्या स्वतःच्याच आतड्यातला जंतू जखमेपर्यंत आला, असंही होऊ शकतं. शुगर ताब्यात नसेल तर जखम भरत नाही आणि पिकते, हे तर नेहमीचंच. रिसेप्शनवर दहा जणांनी आवाज चढवला तर यातलं काहीच कळणार नाही. त्यापेक्षा तुमच्या यजमानांनी डॉक्टरांची वेळ घेऊन शांतपणे विचारावं: जंतू कोणता, तो फक्त कातडीत आहे की हाडापर्यंत गेला, कोणतं औषध लागू पडतं आणि किती दिवस, शुगर रोज किती येते, पुन्हा साफ करण्याचं ऑपरेशन लागेल का, पाटी कधी निघेल. उत्तरं वहीत लिहून घ्या. कल्चर रिपोर्टची प्रत मागून घ्या, ती तुम्हाला मिळायला हवी.

ती प्रत पुढे लपवू नका, हेही सांगते. आप्पांना नाशिक-मुंबईला हलवायची वेळ आली तर ‘सांगितलं तर घेणार नाहीत’ म्हणून लोक रिपोर्ट पिशवीच्या तळाशी ठेवतात. मग तिथले डॉक्टर जे औषध चालणारच नाही त्यानं सुरुवात करतात आणि मोलाचे दिवस वाया जातात. रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर असू द्या.

खोलीत बसल्या बसल्या तुम्ही बरंच काही पाहू शकता. लघवीची पिशवी ओटीपोटाच्या पातळीपेक्षा खाली असावी, पण फरशीला टेकू नये. एक्स-रेला नेताना व्हीलचेअरवर ती पेशंटच्या मांडीवर ठेवतात. तिथून लघवी उलटी आत जाते. तेव्हा हटका. आणि रोज विचारा, नळीची अजून गरज आहे का? सलाइनच्या सुईबद्दलही तोच प्रश्न. सुईभोवती लाली, सूज, ठणका दिसला की लगेच सिस्टरांना दाखवा, सकाळची वाट पाहू नका. जखमेची पट्टी ओली झाली किंवा सुटली तर स्वतः चिकटवू नका. एकवीरामातेचा अंगारा कुणी आणला तर तो कपाळाला लावा, जखमेच्या आसपास नाही. सुईच्या हाताला गंडा-दोरा बांधू नका. तो ओला राहतो. दोरा उशाशी ठेवा, देवी रागावत नाही.

आता नातेवाईक. खरं दुखणं हेच आहे असं पत्र वाचून वाटलं.

आपल्याकडे माणूस दवाखान्यात पडला की चोपड्याहून, शिरपूरहून, साक्रीहून माणसं निघतात. “आपला मानूस दवाखानाम्हा शे, आन् आपन घर बसानं का?” हे कुत्सितपणे म्हणत नाहीत, मनापासून म्हणतात. न जाणाऱ्याला पुढे लग्नकार्यात नावं ठेवतात, हेही खरं. या माणसांनी पैसे उसने दिले, रक्ताची बाटली दिली, रात्री गाडी काढली. त्यांना ‘नियम आहे, निघा’ असं दारात ऐकवलं तर ते दुखावणारच. पण त्यांना थांबवण्याचं काम सुनेचं का? या घरात असं गृहीत धरलंय की दवाखान्यात थांबणारीनंच सगळ्यांना उत्तरं द्यायची. ते मला पटत नाही. सुनेनं ‘नको’ म्हटलं की ते सुनेचं ‘नको’ होतं. आप्पांच्या धाकट्या भावानं म्हटलं की ते घराचं होतं. यजमानांना आजच सांगा, की काकांना किंवा गावातल्या एखाद्या मानाच्या जिभाऊंना हे काम द्या. ते ग्रुपवर लिहितील किंवा आपल्या आवाजात सांगून पाठवतील: “आप्पानी तब्येत सुधारी ऱ्हायनी. डॉक्टरनी भेटाले मनाई करेल शे. दवाखानाम्हा येऊ नका, घर या, चहा पी जा.” ‘घर या’ महत्त्वाचं. भेटायला येणाऱ्याला फक्त बंदी नको, जायला एक जागा हवी. गावी ओसरीवर बसतील, विचारपूस होईल, मान राहील. संध्याकाळी एक वेळ ठरवून आप्पांशी व्हिडिओवर बोलणं करून द्या. आप्पांना ऐकू कमी येत असेल तर फोन तुम्ही धरा.

ज्याला मदतच करायची आहे त्याला काम द्या: एक दिवसाआड डबा आणणारा, रात्री तुमच्या जागी थांबणारा, शेताकडे बघणारा. थांबणारे दोघं-तिघं ठरलेलेच असू द्या आणि त्यांना हात धुणं नीट दाखवा. ज्याला सर्दी-खोकला, ताप, जुलाब, हातावर गळू आहे त्यानं येऊ नये. येणाऱ्यानं पलंगावर बसू नये, पिशवी पलंगावर टेकवू नये, आप्पांना भेटून शेजारच्या वॉर्डात ओळखीच्याची चौकशी करायला जाऊ नये. हे शेवटचं आपली माणसं हटकून करतात. खोलीत गोल करून जेवायला बसू नका, डबा बाहेर खा. केळ्यांचं म्हणाल तर, फण्याच्या फण्या येत असतील. सोलून खायचं फळ म्हणून केळं चांगलं, पण आप्पांची शुगर पाहता बाकीची सिस्टरांना आणि मावशींना द्या.

आणखी एक, हे इतर वाचकांसाठी. सगळ्या पाट्या सारख्या नसतात. ताईंच्या सासऱ्यांचा जंतू स्पर्शानं जातो, तिथे हात महत्त्वाचे. फुप्फुसाचा टीबी हवेतून जातो. तिथे पेशंटनं साधा मास्क लावायचा, सोबतच्यानं घट्ट बसणारा एन-95 लावायचा आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या. उन्हासाठी तोंडाला बांधतो तो रुमाल किंवा स्कार्फ टीबीला अडवत नाही. तेव्हा पाटी दिसली की ‘हे कशानं पसरतं?’ हा एकच प्रश्न सिस्टरांना विचारा. अर्धी भीती तिथे संपते.

सुट्टी झाल्यावर औषधं लिहिली तेवढीच आणि लिहिली तितकेच दिवस. बरं वाटतंय म्हणून मधेच सोडायची नाहीत, उरली तर शेजाऱ्याला द्यायची नाहीत. आणि ताप आला म्हणून गावातल्या डॉक्टरकडे ‘हेवी डोस’ मागायचा नाही. आप्पांच्या रिपोर्टातली ‘आर’ची रांग अशाच हेवी डोसांनी लांबत जाते. जखमेतून पुन्हा पाणी आलं, लाली पसरली, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे जायचं.

राहिली कानबाई. डॉक्टरांनी सुट्टी दिली असेल तर आप्पांना घरी आणा, आणि पूजेच्या वेळी घरातच बसू द्या, मागच्या खोलीत नको. जखम झाकलेली आणि पट्टी कोरडी हवी. खुर्ची अशा जागी ठेवा की गर्दीचा धक्का त्या खुब्याला लागणार नाही. जो त्यांची पट्टी बदलतो त्यानं त्या दिवशी रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या, पिठाला हात लावायचा नाही. बाकी स्वयंपाकाला हात धुतलेला कुणीही चालेल. संडासाजवळ आणि मोरीवर साबण ठेवा, एवढ्या माणसांना पुरेल असा. आप्पांनी पंगतीत बसून रोट खाल्ले तर भाऊबंदांना काही होत नाही. शुगर मात्र त्याआधी तपासून घ्या, आणि पुरणपोळी किती ते त्यांच्या ताटात तुम्हीच वाढा, काकूंच्या हाती देऊ नका.